हमिंगशांती: साहित्य आणि विधी
साहित्य: इलेक्ट्रिक गिटार एक, ॲम्प एक, केबल दोन (दुसरी उसनी चालेल), सोल्डरिंग गन आणि सोशिक कुटुंब. मुहूर्त: मे सोडून कोणताही महिना. मे का वर्ज्य, ते पुढे कळेल.

विधीला बसण्यापूर्वी ॲम्प लावून त्यातून येणारी घूं, म्हणजेच हमिंग, नीट ऐकावी. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते आणि ॲम्पमधून बहुधा त्याच्या दुपटीची, 100 हर्ट्झची गुरगुर ठळक ऐकू येते. गिटारच्या सहाव्या तारेचा तिसरा पडदा दाबला की 98 हर्ट्झ वाजतात, म्हणजे पांढरी पाच. घूं तिच्याहून तीळभर चढी. घरात पेटी वाजवणारे कुणी असेल तर त्यांनी हे न विचारताच सांगितले असेल. अमेरिकेतली वीज 60 हेलकाव्यांची, त्यामुळे न्यू जर्सीतल्या भाच्याची घूं काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध लोंबकळते. आपली निदान सुराच्या शेजारी तरी राहते.

आता दोष कुणाकडचा, ते ठरवावे. लग्नात काही बिनसले की वरपक्ष वधूपक्षाकडे बोट दाखवतो, तसे गिटार विकणारा ॲम्पकडे आणि ॲम्प विकणारा गिटारकडे. मध्यस्थ म्हणजे केबल, आणि मध्यस्थाची चौकशी कुणीच करत नाही. म्हणून आधी केबल ॲम्पमधून उपटावी. तरीही घूं येत असेल तर रोग ॲम्पच्या पोटात आहे. बहुतेक फिल्टर कपॅसिटर म्हातारे झाले. ॲम्प स्वतः उघडू नये, प्लग काढल्यावरही आत विजेचा जीवघेणा दाब साठून राहू शकतो. घूं थांबली तर केबल पुन्हा जोडावी आणि गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणावा. आता शांत झाली तर वरपक्ष, म्हणजे गिटार, दोषी. नाही झाली तर उसनी केबल लावून बघावी. बरेचदा प्रकरण इथेच मिटते, आणि उसनी केबल परत द्यायची राहून जाते.

पुढचा विषय अर्थिंग. जुन्या घरांत सॉकेटचे तिसरे, मोठे भोक कधीकधी केवळ शोभेचे असते. आत वायरच नसते. वायरमन बोलवावा आणि ती घालून घ्यावी. कुणी ज्ञानी सांगेल की प्लगची मोठी पिन कापून टाक, हमिंग जाईल. एवढ्यापुरती थट्टा बाजूला ठेवतो. 1972 साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वे चालू कार्यक्रमात, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून, रंगमंचावरच गेला. ती पिन कापायची नाही, कुणीही सांगितले तरी.

आता तारांवर तळहात ठेवावा. गिटारच्या तारा ब्रिजमागच्या एका वायरीने अर्थला जोडलेल्या असतात. हात ठेवताच घूं कमी झाली तर वायरिंग ठीक आहे. आसपासच्या विजेची कुरकुर तुमचेच शरीर अँटेनासारखे गोळा करून पिकअपला (गिटारच्या तारांखालच्या कॉइलला) पोचवत होते, ते आता अर्थ झाले. थोडक्यात, मघापासून गिटारला दिलेल्या शिव्यांतल्या काही तुमच्या होत्या. गिटारच्या आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली की ही पीडा बरीच कमी होते. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलनेही काम भागते असे म्हणतात, पण तिला डाख बसत नाही, आणि डबा भरताना फॉइल कुठे गेली यावर घरात जी चर्चा होते ती घूंपेक्षा लांबते. उलट हात लावल्यावर घूं वाढली तर जॅकच्या दोन वायरी उलटसुलट जोडल्या आहेत किंवा डाख सुटला आहे. सोल्डरिंग गन याचसाठी मागवली होती.

एवढे करूनही किर्रर्र असा आवाज उरला तर घरातल्या वस्तू एकेक बंद करत जावे. ट्यूबलाइटचा जुना चोक, मोबाइलचा चार्जर, दिवा मंद करायचे बटण. सरतेशेवटी गुन्हेगार सापडतो तो पंख्याचा रेग्युलेटर. काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट सेकंदाला शंभरदा कापतात आणि प्रत्येक कापाची कचकच पिकअपला ऐकू जाते. पंखा बंद, किर्रर्र बंद. मे महिना वर्ज्य तो यासाठी.

मूळ खोट मात्र सिंगल कॉइल पिकअपच्या जन्मातच आहे. चुंबकाभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तारेचे कंप टिपणारी ही वस्तू ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्रही तितक्याच भक्तीने टिपते. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये यावर पेटंटचा अर्ज केला, ते 1959 मध्ये मिळाले. त्यांनी दोन कॉइल शेजारी बसवल्या, जावा-जावांसारख्या: बाहेरून आलेल्या घूंबद्दल एकमेकींच्या नेमके विरुद्ध बोलणार, म्हणून ती रद्द, गिटारच्या तारेबद्दल मात्र एकमत. हाच हमबकर. तो बसवावा, असे मी सुचवतो आणि सिंगल कॉइलवाले ‘त्यात ती खणखण नाही’ म्हणून ऐकत नाहीत. मीही ऐकलेले नाही.

आमच्यासारख्यांसाठी शेवटचा उपाय दिशेचा. गिटार गळ्यात घेऊन जागच्या जागी सावकाश गोल फिरावे. ट्रान्सफॉर्मरच्या क्षेत्राशी कॉइलचा अक्ष काटकोनात आला की घूं एकदम बसते. घराघरात शिरलेल्या दिशाशास्त्रातली, मला पडताळून पाहता आलेली ही एकमेव गोष्ट. ती दिशा सापडली की जमिनीवर खडूने खूण करावी आणि खुर्ची तिथेच मांडावी.

आमच्या घरी ती दिशा बाथरूमच्या दाराची निघाली. सकाळी सव्वासात ते आठ तिथे रांग असते. रांगेतल्यांशी नजरानजर टाळावी, आणि वाजवायला लागावे.