बी म्हणा, बी!

काय वहिनी, काल रात्री ‘कौन बनेगा करोडपती’ लागलं तेव्हा तुमच्याकडूनही आरडाओरडा ऐकू येत होता. ‘अहो, बी म्हणा, बी!’ भाऊजीच ना? आमच्याकडेही तेच हो. खाटेवर आडवं पडून आमच्या ह्यांनी आजवर कितीदा करोड जिंकलेत. त्या गरम खुर्चीत बसवा म्हणावं, घसा कोरडा पडेल.

आणि खुर्चीपर्यंत पोचायचं तरी कसं? दहा जण बसवतात, चार गोष्टी क्रमाने लावायला सांगतात. बरोबर लावणाऱ्यांत ज्याचं बोट सगळ्यात आधी, तो आत. आमच्या ह्यांना मोबाईलवर गॅस नोंदवायलाही लेक लागते!

त्या ताडेबाई आठवतात? बबिता ताडे, अमरावतीकडच्या, अंजनगाव सुर्जीच्या. 2019 साली आल्या होत्या बच्चनकडे. शाळेतल्या मुलांना खिचडी रांधायच्या, महिना 1500 रुपये. एक कोटी जिंकून गेल्या. पण मला खरं कौतुक पुढचं वाटतं. सात कोटींचा प्रश्न आला आणि बाई थांबल्या. का, तर तेव्हा पडाव दोनच, 10 हजार आणि 3 लाख 20 हजार. उत्तर चुकलं की कोटीवरून थेट खाली, 3 लाख 20 हजारांवर. आणि बच्चन खेळ सोडल्यावर विचारतोच, ‘आता सांगा, काय म्हणाला असता?’ पुष्कळदा नेमकं तेच बरोबर निघतं. मग आपण घरी बसून हळहळतो. आपलं काय जातंय?

पहिला करोडपतीसुद्धा आपलाच की, हर्षवर्धन नवाथे. 2000 साल, मुंबईचा पोरगा, यूपीएससीचा अभ्यास करत होता. मराठीत हा खेळ घ्यायला मग 2013 पासून सचिन खेडेकर, मधे स्वप्नील जोशी, 2019 ला नागराज मंजुळे, नंतर पुन्हा खेडेकर. मला विचाराल तर नागराजच. समोरचा घाबरला की हा आणखी सावकाश बोलायचा.

पण आपल्याच गावावर प्रश्न आला ना वहिनी, तर आपली दांडी गुल! परवा लेकीने विचारलं, कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला का आणली? हे म्हणाले, इथली हवा चांगली. हवा! अहो, मुंबईत ट्राम विजेवर धावणार होत्या, त्याने चुंबकाची मोजमापं बिघडली असती. म्हणून इकडे आणली, आणि बांधतानाही लोखंड टाळलं. बाजाराला जाताना रोज तिच्यावरून जातात हे. जवळच्या अक्षीच्या शिलालेखाचंही तसंच. शके 934, म्हणजे 1012 चा, मराठीतला सगळ्यात जुना म्हणतात, तारखेवरून विद्वान भांडतात ते सोडा. आपल्यातल्या किती जणांनी थांबून पाहिलाय? आणि वर कुणी ‘अलिबागसे आया है क्या’ म्हटलं की आपल्याला झोंबतं. त्यावर बंदी आणा म्हणून एक गृहस्थ 2019 मध्ये हायकोर्टात गेले होते. कोर्ट म्हणालं, विनोद म्हणून घ्या.

ते असो. खेळातला मला तर तो प्रेक्षकांचा कौल आवडतो. सोप्या प्रश्नाला लोक खरं सांगतात, कठीण आला की त्यांचंही तुमच्यासारखंच, अंदाजपंचे! म्हणून ती लाइफलाइन लवकर वापरून टाकावी. लोक शेवटपर्यंत जपून ठेवतात आणि मग काहीच उपयोग होत नाही.

आमच्याकडे जिंकायच्या आधीच वाटण्या झाल्यात. लेकीला स्कूटी, वाडीला नवा पंप, उरलेले बँकेत. मी म्हटलं, बक्षिसावर 30 टक्के कर हातात पडायच्या आधीच कापतात, वर सेस आणि अधिभार. कोटीतले पासष्ट-सत्तर लाखच घरी येतात. हे थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, मग पंप जुनाच दुरुस्त करू.