तिंतोरेत्तो, मुक्काम पोस्ट मंद्रूप

व्हेनिस शहरात हॅरीज बार नावाची एक जागा आहे. जुझेप्पे चिप्रियानी यांनी ती १९३१ साली उघडली आणि पुढे तिथेच पांढऱ्या पीचचा गर फसफसत्या वाइनमध्ये कालवून ‘बेल्लिनी’ नावाचं पेय काढलं. बेल्लिनी हा व्हेनिसचाच जुना चित्रकार. मग अशा नावांची चटकच लागली. स्ट्रॉबेरी घातली की रोस्सिनी, मँडरिन संत्रं घातलं की पुच्चिनी (हे दोघे संगीतकार), आणि डाळिंबाचा रस घातला की तिंतोरेत्तो.

पीच सोलापूर जिल्ह्यातल्या मंद्रूपला पिकत नाही. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी सोलापूर ओलांडून विजयपूर रस्त्याला लागेपर्यंत तिचा जॅम झालेला असतो. राहता राहिलं डाळिंब, आणि त्या विषयात दक्षिण सोलापूर तालुक्याला शिकवायला व्हेनिसहून कुणी येण्याची गरज नाही. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र त्याआधीपासून, २००५ पासून, सोलापूरलगत केगावात आहे. तेव्हा हे मार्गदर्शन तिंतोरेत्तोपुरतंच.

सुरुवात कागदापासून करावी. महाराष्ट्रात दारूबंदीचा १९४९ चा कायदा अजून लागू आहे आणि त्यानुसार पिणाऱ्याला परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो. आजन्म सभासद हल्ली ग्रंथालयालाही मिळत नाहीत, इथे मात्र सोय आहे. परवाना प्रकृती सांभाळण्यासाठी दिला जातो, हे ध्यानात ठेवून चेहरा थोडा आजारी ठेवावा. कागद झाल्यावर कालनिर्णय उघडावं. आषाढी आणि कार्तिकीला दुकानं बंद असतात, आणि ज्या जिल्ह्यात पंढरपूर आहे त्या जिल्ह्यातल्या माणसाने या तारखा चुकवल्या तर त्याला कुणी दया दाखवणार नाही. टाकळीचा भीमेवरचा पूल ओलांडला की कर्नाटक लागतं, म्हणून तिकडून बाटली आणण्याचा मोह होईल. तो आवरावा. दोन राज्यांचे अबकारी कायदे वेगळे आहेत आणि भीमेचं पाणी दोघांचंही समाधान करू शकलेलं नाही.

आता वाइन. फसफसत्या वाइनसाठी फ्रान्सकडे बघण्याची सवय महाराष्ट्राने १९८० च्या दशकातच मोडली होती. नारायणगावच्या इंडागेची वाइन ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी जात असे. आज नाशिककडे सुला आहे, दिंडोरीत शांदों आहे. पण मंद्रूपकराने जिल्हाभिमान धरावा. माळशिरस तालुक्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली कंपनीचे द्राक्षमळे आहेत. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशा तीन घरांनी मिळून हा उद्योग उभारला. आपल्याकडे तीन भाऊ एकत्र आले तर बहुधा बांधाची मोजणी असते, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नोंदवली. त्यांची फसफसती वाइनही मिळते. लेबलवर ‘ब्रूट’ लिहिलेलं पाहावं. म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, थोडक्यात आंबट. गोडवा डाळिंब आणील. ‘भगवा’ जातीच्या डाळिंबाच्या लिटरभर रसात साखर दीडशे ग्रॅमच्या आसपास असते, त्यामुळे साखरेच्या डब्याला हात लावायचा नाही.

डाळिंब भगवाच घ्यावं, जरा जड आणि पिकलेलं. सालीवर तेल्या रोगाचे ठिपके असलेला माल मोंढ्यात पडेल भावात जातो; फळ चिरलेलं नसेल आणि दाणे लालभडक असतील तर रसाला तो चालतो. शेतकऱ्याशी घासाघीस मात्र करू नये, तेल्याने त्याची आधीच पुरेशी केली आहे. एका बाटलीला मध्यम आकाराची तीन फळं पुरतात. दाणे मिक्सरमध्ये टाकून बटण दाबावं आणि लगेच सोडावं. बी दळली गेली की रस तुरट होतो आणि दोष व्हेनिसला लागतो. मग सुती पंच्यातून गाळावं, एकदा नव्हे, दोनदा. रसात चोथ्याचे कण राहिले की बुडबुडे त्यांनाच धरून उसळतात आणि अर्धा ग्लास ओट्यावर जातो. पितळेचं बिनकल्हईचं पातेलं वापरू नये, आंबट रस आणि पितळ यांचं जमत नाही.

गार करणं हा मंद्रूपमधला खरा अवघड भाग. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो आणि बाटली हवी ६ ते ८ अंशांवर. फ्रिजमध्ये ती सकाळीच ठेवावी, दुपारी लाईट जाणार आहे हे गृहीत धरून. गेलीच तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर खडेमीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवावी. पॉटमधलं आइस्क्रीम करणाऱ्या घराला हे तंत्र समजावून सांगावं लागत नाही. रसही तितकाच गार हवा. कोमट रसावर गार वाइन ओतली तर वायू पळून जातो आणि मागे उरतं ते महागडं सरबत.

बाटली उघडताना विजयपूर महामार्गावरच्या एखाद्या पंक्चरवाल्याचा सल्ला घ्यायला हरकत नाही. मोटारीच्या चाकात ३०-३२ पौंड हवा असते, ट्रकच्या चाकात शंभराच्या वर. या बाटलीत असते ७० ते ९० पौंड! म्हणजे जेवणाच्या टेबलावर आपण जवळजवळ ट्रकचं चाक ठेवलेलं असतं. बुचावरची तार सहा अर्धे फेरे दिल्यावर सुटते. तार सैल होताच अंगठा बुचावर ठेवावा, बाटलीवर सोलापुरी टॉवेल गुंडाळावा, बाटली तिरपी धरावी आणि बूच न फिरवता बाटली फिरवावी. तोंड देवांच्या तसबिरींकडे, पंख्याकडे किंवा जावयाकडे नसावं. लग्नाच्या व्हिडिओत उडतो तसा फवारा उडाला तर समजावं की पैसे हवेत गेले. आवाज हलका फुस्स असा यावा.

पेल्यात आधी ४० मिलिलिटर रस, मग पेला तिरपा धरून वाइन दोन वेळा थांबत थांबत, एकूण १२० मिलिलिटर. एका बाटलीत सहा पेले होतात. चमच्याने ढवळू नये, ते ताकाला शोभतं. स्टीलच्या फुलपात्रात चव तीच लागते पण बुडबुडे दिसत नाहीत, आणि पैसे बुडबुड्यांचेच मोजलेले असतात. चहाचा काचेचा ग्लास त्यापेक्षा बरा.

घरातल्या माळकरी अक्कांना वगळू नये. त्याच रसात गार गोटी सोडा आणि चिमूटभर सैंधव घालून द्यावं. रंग तोच, फेस तोच, आणि परवानाही लागत नाही. सीमेपलीकडून पाहुणे आले असतील तर त्यांना ‘दाळिंबे’ एवढंच सांगितलं तरी कळतं. सोबत मंगळवेढ्याच्या ज्वारीची कडक भाकरी मोडून ठेवावी. शेंगाचटणीचा मोह मात्र टाळावा, कारण मद्य आणि बुडबुडे मिळून तिखटाचा जाळ वाढवतात. भाजलेले खारे शेंगदाणे उत्तम. ज्वारी, डाळिंब आणि टॉवेल अशी तीन मानांकनं एका ताटाभोवती जमवणारी दुसरी पाककृती जिल्ह्यात सापडणं कठीण.

नावाबद्दल एक राहिलं. तिंतोरेत्तो हे सोळाव्या शतकातल्या एका चित्रकाराचं टोपणनाव. वडील कापड रंगवायचे, म्हणून पोरगा ‘छोटा रंगारी’. सुताच्या रंगावर पिढ्या पोसलेल्या सोलापूरला हे नाव परकं वाटू नये. डाळिंबाची सालही कापड रंगवायला जुन्या काळापासून वापरतात. तेव्हा बाटलीभोवतीच्या टॉवेलवर रस सांडला तर लगेच गार पाण्यात भिजवावा. वाळला तर डाग निघत नाही. तो टॉवेल पुढच्या बाटलीसाठी राखून ठेवावा.