लातूरच्या प्रकाशदात्यास

कलाधुरंधर, सर्वगुणसंपन्न मिस्त्रीसाहेब यांसी,
स. न. वि. वि.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. थोरांचं दान गुप्तच राहिलेलं बरं. गंजगोलाईला मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एकावर तुमचं गॅरेज आहे, एवढी खूण पुरे. बाकी गोलाईच्या नावात गंज आहे म्हणून तो गिऱ्हाइकाच्या गाडीतही जपलाच पाहिजे असं काही नाही, हे मला नांदेडहून कळवावं लागतंय.

ओळख पटली नसेल तर सांगतो. मामांची स्टँडर्ड हेरल्ड, १९६६ सालची, फिकट निळी, दोन दारांची. तीच, जिचं अख्खं नाकतोंड पुढे उघडतं ते बघून तुम्ही 'मगरीवानी हाय की' म्हणाला होतात. मिशेलॉटी या इटालियन माणसाने ट्रायम्फसाठी रेखलेली ही गाडी १९६१ पासून मद्रासला बनू लागली. हिचीच चासी आखूड करून इंग्रजांनी १९६२ साली स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली, म्हणून मामा हिलाही 'स्पोर्ट'च म्हणायचे. गाडीला ते कधी पटलं नाही. चढ आला की धापा टाकायची. तुम्हाला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. हेडलाइट हलतायत, एवढंच तुम्हाला सांगितलं होतं.

हलणारच होते. हिचे दिवे त्या उघडमिट करणाऱ्या नाकतोंडातच बसवलेले. बॉनेट आपटलं की दिव्याची वाटी हादरते. मागून चाक चिखल फेकतं, आणि आपली काळी माती वाटीमागच्या सांदीत एकदा बसली की दिवाळीपर्यंत ओल सोडत नाही. इतक्या वर्षांत तिथल्या पत्र्याचा पापड झाला होता. स्क्रूला धरायला जागाच नव्हती. तेवढा पत्रा कापून नवा जोडायचा, रेड ऑक्साइड मारायचं, रबरी गॅस्केट घालून वाटी परत बसवायची, हे दोन-चार दिवसांचं काम. तुम्ही तासाभरात हात पुसले आणि म्हणालात, "आता भूकंपात बी हलायचं नाय." लातुरात उभं राहून हे वाक्य बोलायला छाती लागते.

शब्द तुम्ही पाळलात. दिवे हलले नाहीत. डावा दिवा लिंबाच्या शेंड्याकडे बघत राहिला आणि उजवा रस्त्याकडेच्या चारीत, आणि दोघांनीही अहमदपूर ते नांदेड आपली भूमिका सोडली नाही. मधला रस्ता मी अंदाजाने आणला. समोरच्या ट्रकवाल्यांनी आधी डिपर दिला, मग शिव्या. शिवाय तुम्ही एक कलाही जोडून दिली होतीत. डावं इंडिकेटर टाकलं की उजवा हेडलाइट डोळा मारायचा. लोह्याच्या चौकात त्याने तो नेमका हवालदाराला मारला.

हे कशाने होत होतं ते वजिराबादच्या बोळातल्या म्हाताऱ्या पत्राकाम करणाऱ्या चाचांनी दाखवलं. करंट दिव्यात जातो तसा तो परत यायलाही वाट लागते, आणि या गाडीत ती वाट बॉडीच्या पत्र्यातून जाते. तुम्ही तिथे एम-सीलचा बांध घातलात. मग बिचारा करंट इंडिकेटरच्या घरातून मागच्या दाराने पळू लागला. बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी पोचलं की उजेड तीसेक टक्क्यांनी उतरतो, म्हणजे लिंबाचा शेंडाही धड दिसत नव्हता. जगभरचे ब्रिटिश गाडीवाले वायरिंगच्या नावाने ल्युकास कंपनीला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात. त्यांनी तुमचं काम पाहिलेलं नाही.

चाचांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ दिव्याभोवती ठोकत नेली. टक, टक, टक, थप. जिथे थप आलं तिथे खडूची रेघ. रेघांचं वर्तुळ पुरं झालं तेव्हा ते नुसतं "या अल्ला" म्हणाले. मग छिन्नी. वर निळा रंग. तो मात्र काय जुळवला होतात, मान गए. रंगाखाली लांबी, लांबीखाली एम-सील, त्याखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी, बाइंडिंग वायरचे चार वेढे आणि फट भरायला घडी घातलेली तंबाखूची पुडी. सगळ्यात आत, एम-सीलमध्ये चिणलेले, वाटीचे मूळचे तीन स्क्रू. तुमच्या बिलात ओळ आहे: 'स्क्रू नवीन ३ नग, जुने सापडले नाहीत.'

सरकारच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांपुढची गाडी मूळ रूपात जपलेली असेल तर तिची व्हिंटेज म्हणून नोंद होते. मी अर्ज करायचा म्हणतोय. त्या पुडीला मूळ रूपात धरतात का, तेवढं तुमच्या ओळखीने विचारून ठेवा.

चाचांना चार दिवस लागले. पाचव्या संध्याकाळी गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी केली, भिंतीवर खडूने दोन फुल्या मारल्या आणि चाचा स्प्रिंगवरचे स्क्रू पाव-पाव पेच फिरवत बसले, उजेड फुलीवर येईपर्यंत. मामा असते तर त्यांनी आधी चहा सांगितला असता, मग फुल्या मोजून बघितल्या असत्या. मी चहा सांगितला.

कळावे, लोभ असावा. हातोडा मात्र आमच्या गाडीपासून लांब असावा.

आपला एकाक्ष गिऱ्हाईक,
नांदेड

ता. क. उकरून काढलेला सगळा ऐवज लोणच्याच्या बरणीत भरून लातूरच्या एसटीने पाठवतोय. तीन स्क्रू ठेवून घेतले आहेत, वापरात आहेत. पुडीत थोडी तंबाखू शिल्लक होती, ती तशीच ठेवलीय.