नोकरी सांभाळून टेक्नो : कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना

विषय : कार्यालयीन वेळेबाहेर इलेक्ट्रॉनिक संगीत तयार करण्याबाबत.

सदर सूचना रत्नागिरी शहर व परिसरातल्या त्या कर्मचाऱ्यांसाठी आहेत, जे दिवसा आवक-जावक बघतात आणि रात्री लॅपटॉपवर ढोल बडवतात. मी त्यातलाच. टेबल जावकचं, नाद हाऊस संगीताचा. दोन्हीकडून आजवर बरंच काही रवाना केलं, पोच कशाचीच आली नाही.

आधी कायद्याचं बघू, कारण घाबरणारे त्यालाच घाबरतात. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे सरकारी नोकराला खासगी धंदा करता येत नाही. मात्र मूळ कामात खंड न पडता साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय स्वरूपाचं प्रासंगिक काम करायला मुभा आहे. तुमचं संगीत कलात्मक आहे की नाही, हा प्रश्न साहेबांपुढे मांडू नये. साहेब ऐकवायला सांगतात.

आता वेळ. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा आला आणि कामाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. सव्वासहाला सुटलेला माणूस भाजी, दळण, आईच्या गोळ्या आणि आईची मालिका उरकून साडेनऊला लॅपटॉपसमोर बसतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. म्हणजे स्पीकरवर ऐकायला रोज अर्धा तास मिळतो, तोही पहिली वीस मिनिटं लॅपटॉपचं अपडेट चालू नसेल तर. पुढे हेडफोन. हेडफोनवर बास भरघोस वाटतो. सकाळी तोच ट्रॅक मोबाईलवर लावला की आई विचारते, "डास मारायची बॅट कुठे चालू राहिलीय का रे?"

शनिवार-रविवार मोकळे असतात असं पाच दिवसांचा आठवडा ठरवणाऱ्यांना वाटलं असावं. त्यांचं आजोळ कोकणात नसणार. आंबे उतरवायचे असतात, लग्नं असतात, मुंबईकर मंडळी न कळवता दारात उभी राहतात. वर्षाच्या ८ किरकोळ रजा शिमगा आणि गणपती यांच्यातच वाटल्या जातात. मिक्सिंगसाठी रजा मागितल्याचा दाखला माझ्या माहितीत एकच आहे. त्या अर्जावर 'कसले मिक्सिंग?' असा शेरा आला होता. कारण बदलून 'घरगुती' लिहिलं, लगेच मंजूर.

पावसाळा हा सर्जनाचा काळ असं कवी म्हणतात. कवींना वीज लागत नाही. आमच्याकडे जूनमध्ये फणसाची एक फांदी तारेवर पडली की वाडी अंधारात जाते, आणि सेव्ह न केलेला ट्रॅक वैकुंठाला जातो. दमट हवेने साऊंड कार्डच्या पिना हिरव्या पडतात. यंत्र तांदळाच्या डब्यात ठेवावं, पण स्वयंपाकघराला आगाऊ कळवून. मागच्या पडवीच्या पत्र्यावर सर कोसळायला लागली की ४५ डेसिबलचा नियम निसर्ग स्वतःच मोडतो आणि त्याच्याविरुद्ध तक्रार कुठल्याही ठाण्यात घेत नाहीत. सबब अशा रात्री स्पीकर बिनधास्त लावावेत. शेजारच्या काकूंना पाऊस जरा तालात पडतोय एवढंच वाटेल.

घुमणाऱ्या आवाजाबद्दल नवशिके फार रडतात. आपली वीज ५० हर्ट्झची. अर्थिंग धड नसलं की त्याच सुराची घूं रेकॉर्डिंगमध्ये शिरते. ती काढण्यात मी दोन वर्षं घालवली. मग पेटीवर सूर धरून पाहिला, तर तो पांढरी पाचच्या जवळपास निघाला. तेव्हापासून माझ्या सगळ्या रचना पांढरी पाचमध्ये आहेत. महावितरण तंबोरा धरतं, मी वाजवतो.

आवाज विकत घेऊ नयेत. गोल शिक्का टेबलावर दाणकन बसतो, तो तुमचा किक. पंचिंग मशीन, स्टेपलर, खुर्चीची कुरकुर, सगळं फुकट. शासकीय मालमत्तेच्या आवाजावर हक्क कोणाचा, याबद्दल परिपत्रक अजून माझ्या टेबलावरून गेलेलं नाही. बोटीच्या इंजिनाची धडधड हवी असेल तर मिरकरवाड्यावर ३१ मेपूर्वी जावं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, मग फक्त कावळे मिळतात.

फाईलींना नावं देताना कार्यालयीन शिस्त पाळावी. माझ्याकडे एका ट्रॅकच्या 'अंतिम', 'अंतिम सुधारित', 'अंतिम सुधारित (मूळ)' आणि 'अंतिम – रद्द समजावे' अशा प्रती आहेत. चांगली रद्दचीच आहे.

नोकरी सोडावी का, हे विचारूच नका. मुंबईच्या सिनेसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंडची यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. रेकॉर्ड फारशी कोणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा जाणकार थक्क झाले की ॲसिड हाऊस असं ज्याला म्हणतात ते हा गृहस्थ आधीच वाजवून बसला होता. मधली अठ्ठावीस वर्षं पगार लागतो. उलट उदाहरण २०२४ चं. क्राटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' हे मराठी हाऊस स्पिनिन या डच कंपनीने काढलं, आणि मी रात्री काय करतो ते आमच्या कचेरीला पहिल्यांदा कळलं. "तसलं का?" एवढंच म्हणाले, पण कळलं.

एक गोष्ट मात्र मला कोणत्याच नियमात सापडली नाही. आमचा शिपाई बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो. रविवारची हळद कायद्याने दहाला संपते, म्हणजे बाराला. तो सामान टेम्पोत चढवून दोनला घरी पोचतो आणि सोमवारी पावणेदहाला हजेरीपत्रक माझ्यासमोर सरकवतो. ह्याला तो तोल, व्यवस्थापन वगैरे काही म्हणत नाही. "वाजवायला गेलो होतो," म्हणतो.

परवा जेवणाच्या सुट्टीत मी त्याला हेडफोन दिले. चार मिनिटं त्याने मान डोलावली, दोन बोटांनी माझ्या जावक रजिस्टरावर ठेका धरला. मग हेडफोन काढून, नीट गुंडाळून परत दिले.

"साऊंड चेकिंग एक नंबर झालंय, भाऊसाहेब," तो म्हणाला. "वाजवायला कधी घेताय?"