दंतकथा कशी खावी

लाइपझिगच्या आउअरबाख्स केलर या तळघरातल्या भोजनगृहात जाताना भूक थोडी कमी असली तरी चालेल, भाबडेपणा मात्र भरपूर न्यावा. तिथे ताटात येतं ते तोंडीलावणं. मुख्य पदार्थ म्हणजे दंतकथा, आणि ती अशी: डॉक्टर फाउस्ट नावाचा जादूगार 1525 साली इथे आला आणि दारूच्या पिंपावर स्वार होऊन जिन्यावरून बाहेर पडला. पुरावा म्हणून दोन चित्रं आहेत. त्यांवर 1525 साल लिहिलेलं आहे, चित्रं मात्र 1625च्या सुमाराची. साक्षीदार शंभर वर्षं उशिरा उगवला म्हणून कोणत्याही न्यायाधीशाने त्याला बाहेर काढलं असतं. जेवणाऱ्याने तसं करू नये. जर्मन कवी गटे 1765 ते 1768 या काळात लाइपझिगमध्ये विद्यार्थी होता (कायदा शिकत होता, निदान वडिलांची तशी समजूत होती). त्याने ही चित्रं पाहिली आणि पुढे ‘फाउस्ट’ नाटकात या तळघराचा अख्खा प्रवेश घातला. संशयास्पद तारखेतून असं नाटक निघत असेल, तर तारखेची उलटतपासणी करणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

शंकेखोर म्हणेल, गोष्ट राहू द्या, वास्तू तरी अस्सल हवी. तिथेही हट्ट धरू नये. हाइनरिख श्ट्रोमर हा वैद्यकाचा प्राध्यापक आउअरबाख गावचा, म्हणून त्याच नावाने ओळखला जाई. त्याने 1525 मध्ये आपल्या तळघरात विद्यार्थ्यांना वाइन द्यायला सुरुवात केली. (वैद्यानेच गुत्ता काढावा, यात धंद्याची दूरदृष्टी दिसते.) वरचा वाडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडला गेला. आंटोन मेडलर या सूटकेसच्या कारखानदाराने तिथे मिलानच्या धर्तीवर छत घातलेली बाजारगल्ली उभारली. तळघराचा जुना भाग राखला आणि शेजारी मोठं दालन जोडलं. म्हणजे मोठ्या दालनात बसून सोळाव्या शतकाचा वास घेणारा माणूस प्रत्यक्षात सूटकेसवाल्याच्या पैशांचा वास घेत असतो. यात फसवणूक आहे का? आहे, पण ती नाटकातल्यासारखी उघड आहे. गटेला कालिदासाचं ‘शाकुंतल’ फार आवडलं होतं. ‘फाउस्ट’च्या आरंभी रंगमंचावरची माणसंच नाटकाची चर्चा करतात, त्यामागे ‘शाकुंतल’मधल्या सूत्रधाराची प्रेरणा असल्याचं मानलं जातं. सूत्रधार आधीच सांगतो की हे नाटक आहे, तरी चौथ्या अंकात डोळे भरून येतातच. तळघरातल्या मेनूकार्डाकडून याहून अधिक प्रामाणिकपणाची अपेक्षा ठेवणं अन्यायाचं होईल.

पदार्थ मागवतानाही हेच धोरण ठेवावं. बीफ रूलाडन, लाल कोबी आणि बटाट्याचे गोळे हे जर्मनीत कुठेही मिळतात, त्यात वावगं काही नाही. लाइपझिगर आलरलाय हे नाव ऐकून आणि त्यातल्या वसंतातल्या कोवळ्या भाज्या पाहून शाकाहाऱ्याने मात्र हुरळून जाऊ नये. परंपरेप्रमाणे त्यात गोड्या पाण्यातला, कोळंबीच्या भावकीतला एक जीव असतो. खरा अभ्यास करावा तो लाइपझिगर लेर्खचा. पूर्वी या शहरात चंडोल पक्षी भाजून खात. सॅक्सनीत 1876 मध्ये त्यांच्या शिकारीवर बंदी आली. मग तिथल्या हलवायांनी बदामाचं सारण भरलेली छोटी पेस्ट्री बनवली आणि तिला नाव चंडोलाचंच ठेवलं. वर पिठाच्या दोन पट्ट्या आडव्या-उभ्या लावल्या, कारण पक्षी भाजताना दोऱ्याने बांधत असत. पक्षी गेला, दोरा राहिला! या शहरात कोणत्या गोष्टी टिकतात हे एवढ्यावरून कळावं. आणि खरं सांगायचं तर चंडोलाच्या दृष्टीने दंतकथा सत्यापेक्षा कितीतरी बरी.

सर्वांत बळकट आक्षेप पैशांचा आहे: हेच जेवण दोन गल्ल्या पलीकडे स्वस्तात मिळत असेल, तर दंतकथेचं भाडं का भरायचं? त्याला उत्तर नाटकातच आहे. फाउस्टसोबत आलेला सैतान मेफिस्टो गिरमिटाने टेबलाला भोकं पाडतो आणि ज्याला जी हवी ती वाइन फुकट वाहू लागते. जरा सांडते तोच तिची आग होते. मग भुरळ पडलेले पिणारे विद्यार्थी द्राक्षं समजून एकमेकांची नाकं धरतात आणि सुऱ्या उगारतात. या जागेत फुकट मिळालेल्या पेयाची एवढीच नोंद आहे, म्हणून बिल आल्यावर हायसं वाटायला हवं. साध्या पाण्याचेही पैसे लागतील, ते निमूट द्यावेत. एकत्र की वेगवेगळं, असं वेटर विचारेल. तेव्हा ‘मी देतो, मी देतो’ची झटापट न करता खरं काय ते सांगावं. टीप टेबलावर सोडून जाऊ नये, ती धरून होणारी रक्कम पैसे देतानाच बोलावी. मग वर यावं. दाराशी फाउस्ट आणि मेफिस्टोचे ब्राँझचे पुतळे आहेत, त्यांतल्या फाउस्टचा बूट नशिबासाठी घासावा. लोकांनी घासून घासून तो लखलखीत केला आहे. मात्र समोरच्या भुरळ पडलेल्या विद्यार्थ्यांच्या पुतळ्यांनाही रामराम करायला विसरू नये. पैसे चुकते केल्यानंतर आपलं जवळचं नातं त्यांच्याशीच असतं.