युद्धापूर्वीची प्रशस्त जागा कशी मिळवावी (फक्त आगरदांडेकरांसाठी)

शिवाजी पार्कला उंच छताची, दोन्ही बाजूंनी वारा खेळणारी, महायुद्धाआधी बांधलेली जागा हवी असेल, तर पहिली पायरी म्हणजे आजोबा नीट निवडणे. त्यांनी १ सप्टेंबर १९४० पूर्वी आगरदांड्याची वाडी सोडून मुंबईत बिऱ्हाड केलेलं असावं. ही तारीख पत्रिकेतल्या रास-नक्षत्रापेक्षा महत्त्वाची. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने त्या दिवशीचं भाडं प्रमाण धरून गोठवलं, आणि पुढे दुरुस्ती मंडळानेही त्याआधीच्या इमारतींचाच ‘अ’ वर्ग केला. आजोबा उशिरा गेले असतील, तर डोंबिवलीकडे चौकशी करावी.

दुसरी पायरी मुक्कामाची. भाडेकरू गेला की जागेवर पहिला हक्क त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा. तेव्हा भाडेपावती ज्या काकांच्या नावावर आहे, त्यांच्याकडे वेळेत जाऊन राहा, रेशनकार्डावर नाव चढवा आणि त्यांच्या तब्येतीची चौकशी रोज करा, पण फार आशेने करू नका. काकूंच्या लगेच लक्षात येतं.

रिकाम्या हाताने जाऊ नये. नारळ, सोलं, सुके बोंबील घ्यावेत आणि रेवसची लाँच धरून भाऊच्या धक्क्याला उतरावं. मांडव्याच्या बोटीतली शनिवार-रविवारची मंडळी पिशवीकडे नाक मुरडून बघतात. बोंबील तर हवेतच, कारण परिसर कुटुंबवत्सल आहे की नाही, हे त्यांच्यावरूनच कळतं. जिन्यात वास पसरताच दारं धडाधड लागली, तर आल्या पावली परत फिरा. एखादं दार उघडून ‘मुरूडकडचे का हो?’ असं कुणी विचारलं, तर बॅग खाली ठेवायला हरकत नाही. शिवाजी पार्कला धोका कमी. गोपी टँकचा मासळीबाजार जवळच आहे.

आता जागा बघा. पंखा लांबलचक दांडीला लोंबकळत असला पाहिजे. जमिनीवर नक्षीच्या मोझॅक लाद्या. त्यातली एक पावलाखाली डगमगते, ती कुठली हे घरच्यांना अंधारातही माहीत असतं. बाल्कनी गोलाईची. मरीन ड्राइव्हच्या अशाच आर्ट डेको इमारती २०१८ साली जागतिक वारशात गेल्या. इथल्या तिकडे न गेल्यामुळे बाल्कनीत लेंगे वाळत घालता येतात. मागच्या बाजूला लोखंडी जिना असतो, त्यावरून सध्या फक्त मांजर चढतं. बाल्कनीखाली टेकू दिसले तर घाबरू नका. काका त्यांना ‘तात्पुरते’ म्हणतात, आणि काकूंनी त्यांच्यावर मनीप्लँट चढवलेला असतो.

भाडं ऐकून हसणं हा असभ्यपणा आहे. १९९९ च्या कायद्याने ते वर्षाला ४ टक्के वाढवायची मुभा मालकाला दिली; पण मुळात जवळजवळ काहीच नाही, त्याचे ४ टक्के किती होणार? त्या पैशात रंग सोडाच, रंगाऱ्याचा चहाही भागत नाही. म्हणून मालक दुरुस्ती करत नाही आणि भाडेकरू जागा सोडत नाही. खोल्या प्रशस्त राहिल्या त्या या भाड्यामुळे, आणि सज्जा पडायला आला तोही या भाड्यामुळेच. याच कायद्याने पागडीलाही मान्यता दिली. म्हणजे आजोबा निवडण्यात चूक झालेल्यांनाही वाट आहे, फक्त रक्कम ऐकताना बसून घ्यावं.

परिसराविषयी थोडक्यात. मैदान महापालिकेने १९२५ साली खुलं केलं. क्रिकेटसाठी उत्तम; खिडकीच्या काचांना तितकं नाही. दसऱ्याच्या मेळाव्याला घरबसल्या भाषण ऐकू येतं, पटो वा न पटो. कट्ट्यावर संध्याकाळी जागा मिळवायला मात्र कुठलाही कायदा उपयोगी नाही, तिथली ज्येष्ठ मंडळी आपापल्या ठिकाणी ठाम असतात. शिवाय मैदानातली लाल माती वाऱ्याबरोबर घरात येते. रहिवासी तक्रारअर्ज करतात. आगरदांडेकराने करू नये. तांबड्या धुळीतच वाढलो आपण, फडकं मारावं आणि गप्प बसावं.

शेवटी पुनर्विकास येतोच. बिल्डर संमतिपत्र घेऊन आला की चष्मा सापडत नाही असं सांगावं. पुढच्या खेपेला तो पेढे आणतो. निम्म्याहून जास्त भाडेकरूंच्या सह्या झाल्या की मात्र सामान आवरायला घ्या. नव्या फ्लॅटचं छत बुटकं असतं, आजोबांचं सागवानी कपाट त्यात उभं राहत नाही, आणि ते विकायचं म्हटलं की काकूंचे डोळे भरून येतात. म्हणून सगळी कपाटं टेम्पोत घालून आगरदांड्याला धाडली जातात. तुमच्या पडवीत अशी तीन आधीच असतील. चौथं येण्याआधी दाराची उंची मोजून ठेवा, चार गडी सांगून ठेवा, आणि आरसा आधी सोडवून घ्यायला सांगा. आमच्याकडचा फुटला.