गंज चढवून मिळेल

कोरेगाव भीमाला काय नाही? दारावरून पुणे-नगर रस्ता जातो, त्यावर चोवीस तास ट्रेलर अडकलेले असतात, पुढे सणसवाडी-रांजणगावच्या कंपन्या आहेत, नदी आहे. नाही ती फक्त रेल्वे. ती इकडून जाणार अशी बोलणी आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय. मालगाडी बघायची हुक्की आली तर केसनंद-थेऊर करत लोणी काळभोर गाठायचं, नाहीतर सरळ दौंड. अशा गावात बसून मालगाडीचे डबे बनवायचा छंद लागायला माणूस मुळातच थोडा हललेला असावा लागतो. मी होतोच.

निमित्त झालं कोथरूडचं. भाऊ जोशींनी उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय तिथं आहे, १ एप्रिल १९९८ला लोकांसाठी खुलं झालेलं. मुलाला दाखवायला म्हणून गेलो. पोराचं समाधान पाच मिनिटांत झालं. मला काचेपासून ओढून काढायला बायकोला आत यावं लागलं.

या छंदात जगभर चालणारं माप म्हणजे एचओ: खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. मी निवडली ती बॉक्सएन, कोळसा वाहणारी उघडी वाघीण. तिची लांबी १०,७१३ मिलिमीटर. भागिले ८७, आले १२३. माल भरून तिचं वजन साधारण ८१ टन. वजनाला मात्र ८७ने तीनदा भागायचं, कारण लांबी, रुंदी, उंची तिन्ही आटतात. आले १२३ ग्रॅम. लांबी १२३, वजन १२३! मला यात ईश्वरी संकेत दिसला. बायकोला त्यात अर्धा पाव शेंगदाणे दिसले.

डबा करणं एक वेळ सोपं. प्लॅस्टिकचा पत्रा कापा, चिकटवा, तांबडा रंग मारा. पण असा कोरा करकरीत डबा या क्षेत्रात कुणी उभा करून घेत नाही. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेचे जॉन अॅलन यांनी आपल्या छोट्या गाड्यांवर धूळ, काजळी, गंज चढवून त्या अशा म्हाताऱ्या केल्या की बाकीच्यांना आपली चकचकीत खेळणी लपवावीशी वाटली. अॅलन १९७३ साली गेले. खूळ मागे ठेवून गेले. त्यांच्यापासून रीतच पडली: आधी नवं करायचं, मग पातळ रंगाचे हात देऊन, कोरडा ब्रश फिरवून, खडूची पूड चोळून ते जुनं करायचं आणि वर मॅट वार्निश मारायचं.

आता माझा पोटापाण्याचा उद्योग सांगतो. गाड्यांच्या सुट्या भागांना रंग देणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. ब्रॅकेटवर मोहरीएवढा तांबूस ठिपका दिसला की त्याला लाल टॅग बांधायचा, पोरांना झापायचं आणि अहवाल लिहायचा. दिवसभर मी गंजाचा वैरी. संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुतले की त्याच गंजाच्या विनवण्या.

पहिला गंज अस्सल हवा म्हणून घराच्या लोखंडी गेटवरून खरवडला. वस्त्रगाळ करून बरणीत भरला. "अखेर गेट रंगवताय म्हणायचं," बायको हरखून म्हणाली आणि चहा बाहेर आणून दिला. रविवारमागून रविवार मी खरवडतोय आणि रंगाचा डबा काही उघडत नाही, हे लक्षात आल्यावर चहा बंद झाला. गंज मात्र डब्यावर शेण थापल्यासारखा दिसला. अस्सल असला तरी त्याचा कण काही ८७ने लहान झालेला नव्हता.

मग मिठाची युक्ती वाचली. डब्याला आधी गंजाचा रंग द्यायचा, तो वाळला की पाणी शिंपडून मीठ भुरभुरायचं, त्यावरून वरचा रंग मारायचा आणि शेवटी मीठ चोळून काढायचं. जिथं मीठ होतं तिथं खालचा गंज डोकावतो. घरात खडे मीठ होतं, तेच घेतलं. पाच मिलिमीटरचा खडा म्हणजे खऱ्या मापात ४३५ मिलिमीटर, जवळजवळ दीड फूट. माझी वाघीण कोळसा घेऊन नव्हे, तर कुठल्याशा युद्धातून तोफांचा मारा खाऊन परतली होती.

प्लॅस्टिकला खरा गंज चढत नाही, हे ज्ञान मला पगार घेऊन दुसऱ्यांना शिकवता येतं. स्वतःला शिकवायला वेळ लागला. म्हणून पुढचा डबा लोखंडाचा. कारखान्याच्या भंगारातला अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा घेतला, वेल्डरने प्रेमाने स्पॉट मारून दिले. अर्धा मिलिमीटर गुणिले ८७ म्हणजे साडेत्रेचाळीस मिलिमीटर जाडीची भिंत. वाघीण नव्हे, रणगाडाच. अस्तर म्हणून थोडा प्रायमर मारा, असं लाइनवरच्या पोरांना सांगितलं. पोरांनी "साहेबांची गाडी" म्हणून ती हुकाला टांगली, आधी तेल काढलं, मग फॉस्फेटिंग केलं, मग सीईडीच्या, म्हणजे विजेने रंग चढवायच्या, टाकीत बुडवली, भट्टीत भाजली. काळी कुळकुळीत, कोपरान्‌कोपरा झाकलेली. वर मी पांढऱ्या रंगाने अकरा आकडी वाघीण-नंबर घातला.

आमच्याकडे सॉल्ट स्प्रेचं चेंबर आहे. ३५ अंशांवर पाच टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं अखंड फवारायचं आणि रंग किती तास तग धरतो ते पाहायचं. समुद्रकाठची कैक वर्षं काही दिवसांत आटोपतात. मनात विचार आला, ब्रॅकेटांच्या मागे बोटभर जागा रिकामीच आहे. शुक्रवारी वाघीण आत सरकवली. सोमवारी सकाळी लवकर येऊन काढायची, असा बेत होता.

सोमवारी ग्राहक कंपनीचा ऑडिटर माझ्याही आधी आला होता.

झाकण उघडलं. धुकं विरलं. पुढच्या रांगेतल्या ब्रॅकेटांवर चाकूने मारलेल्या चरांच्या कडेने तांबूस ओघळ उतरलेले, आणि मागे आमची वाघीण, नवरीसारखी उभी, अंगावर एक डाग नाही. ऑडिटरने चष्मा पुसला. "ये कौनसा पार्ट है?" कुणी बोलेना. त्याने वाकून वाघिणीवरचा अकरा आकडी नंबर वहीत उतरवून घेतला आणि पुढे लिहिलं: पास.

आठवडाभर आमची स्टोअरची माणसं तो पार्ट नंबर कॉम्प्युटरमध्ये शोधत होती. ते बिंग फुटल्यावर पद्धतीप्रमाणे माझ्यापुढे 'फाइव्ह व्हाय'चा फॉर्म आला: पाच वेळा 'का' विचारत मूळ कारणापर्यंत जायचं. मी प्रामाणिकपणे भरला. वस्तू चेंबरमध्ये का होती? गंज हवा होता. गंज का हवा होता? वस्तू फार नवी दिसत होती. नवी का दिसत होती? आपला रंग पक्का बसला होता. रंग पक्का का बसला? पोरांनी जीव लावून काम केलं. जीव का लावला? तो पार्ट नव्हता. मॅनेजरसाहेबांनी पाचवं उत्तर दोनदा वाचलं, खोडायला लावलं आणि तिथं 'प्रशिक्षणाचा अभाव' असं लिहून घेतलं. प्रशिक्षण मीच द्यायचं ठरलं. मीच घ्यायचंही.

वाघीण घरी आली. नंबर तेवढा सोडून पॉलिश पेपरने घासघासून तिचा रंग काढला आणि चाकांसकट गेटला टांगली. एका पावसाळ्यात असा गंज चढला की मी हरखलो. परीक्षणाला दौंडच्या मामांना बोलावलं. हे बायकोचे मामा, रेल्वेत टीएक्सआर होते, म्हणजे मालगाडी सुटण्याआधी वाकून वाकून डबे तपासणारे. मामांनी चहा बाजूला सारला आणि बॅटरी मागितली.

"जावईबापू, गंज बाहेरून का? ओला कोळसा आत असतो. त्यात गंधक. पाणी मुरलं की त्याचं आम्ल होतं आणि तळ न्‌ कोपरे आतून खातं. म्हणून तर नव्या वाघिणींना स्टेनलेसचा पत्रा आला. तुमची आतून कोरी." मग नंबर. सम जागांवरचे आकडे मिळवले, तिपटीने घेतले, त्यात विषम जागांवरचे घातले, पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडतात ते पाहिलं. "शेवटचा आकडा तेवढा यायला हवा. हा कुठला?" माझ्या स्कूटरचा होता. मग पट्टी लावून चाकांमधलं अंतर मोजलं: साडेसोळा मिलिमीटर. "आपलं ब्रॉडगेज १,६७६. सत्त्याऐंशीने भागलं तर एकोणीसच्या वर पाहिजे. साडेसोळा म्हणजे १,४३५. ते तुमच्या पुण्याच्या मेट्रोचं गेज. मेट्रोतून कोळसा नेताय?"

शेवटी त्यांनी चाकावरून अंगठा फिरवला.

"धावत्या गाडीचं चाक रुळाला टेकतं तिथं आरशासारखं लखलखतं. बाकी कितीही गंजू दे, ती कड गंजत नाही. इथं गंज आहे. म्हणजे ही गाडी जन्मात हललेली नाही."

ते खरंच होतं. रूळ मी अजून आणलेच नव्हते.

मामांनी मुलाच्या दप्तरातून खडू काढला आणि नोकरीत आयुष्यभर गिरवलेल्या झोकदार हाताने वाघिणीच्या कुशीवर लिहिलं: सिक. चालवायला नालायक, दुरुस्तीला लावा. खऱ्या मापात ती अक्षरं सव्वा मीटर उंच होतात. वेल्डरचे स्पॉट सोडले तर डब्यावर माझ्या हातचं नसलेलं तेवढं एकच काम आहे. घरी येणारे पाहुणे नेमकं त्याच्यावर बोट ठेवतात आणि म्हणतात, "हे मात्र अगदी खरं वाटतं हं!"